न घडलेल्या गुन्ह्याची किंमत

पीटरबरो हे इंग्लंडच्या केंब्रिजशर परगण्यातलं, एके काळी विटांच्या भट्ट्यांसाठी ओळखलं जाणारं शहर. तिथल्या तुरुंगातून 2010 साली कैदी सुटला, की त्याच्या हातावर 46 पौंड ठेवले जात. ही रक्कम 1995 पासून तीच होती. पंधरा वर्षांत पावाचे, खोलीभाड्याचे, बसच्या तिकिटाचे भाव वाढले, पण हे 46 जागचे हलले नाहीत. एवढ्या पैशांत माणसानं छप्पर शोधायचं, काम शोधायचं आणि जमल्यास नवं आयुष्य सुरू करायचं.

त्यातही शिक्षा बारा महिन्यांहून कमी असेल, तर फाटकाबाहेर त्याला विचारणारं कुणी नसे. लांब शिक्षा भोगून आलेल्यावर प्रोबेशन अधिकारी लक्ष ठेवायचा. किरकोळ चोरीसाठी चार-सहा महिने आत गेलेल्या प्रौढ माणसासाठी कायद्यात तशी तरतूदच नव्हती. परिणाम ठरलेला होता. यातले दहापैकी साधारण सहा जण वर्षाच्या आत पुन्हा दोषी ठरत आणि त्याच फाटकातून आत येत.

हे न्यायखात्याला ठाऊक होतं, पोलिसांना ठाऊक होतं, तुरुंगातल्या शिपायाला तर चेहऱ्यांनिशी ठाऊक होतं. सुटणाऱ्याला फाटकाशी कुणी भेटलं, राहायला जागा मिळवून दिली, दारूच्या व्यसनावर उपचाराला नेलं, तर त्यातले काही परत येणार नाहीत, हेही कुणी नाकारत नव्हतं. मग सरकार पैसे का घालत नव्हतं?

कारण सरकारी अंदाजपत्रकात घडलेल्या गोष्टींसाठी रकाने असतात. चोरी झाली की पोलीस, कोर्ट, वकील, तुरुंग या सगळ्यांची बिलं येतात आणि ती भरावीच लागतात. न झालेल्या चोरीचं बिल कुणी आणून देत नाही. शिवाय खर्च आज करायचा आणि फायदा चार वर्षांनी दिसायचा. तोही एका खात्याला नाही, थोडा पोलिसांना, थोडा कोर्टाला, थोडा घरबांधणी विभागाला. आणि उपक्रम फसला तर करदात्यांच्या पैशांची उधळपट्टी केली म्हणून मंत्री वर्तमानपत्रांच्या तावडीत सापडायचा. एवढी जोखीम उरावर घेणारा मंत्री कुठल्याही देशात विरळाच.

या अडचणीवर ब्रिटननं काढलेला तोडगा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो चक्क चमत्कारिक वाटला. जोखीम सरकारनं घ्यायचीच नाही. ती तिऱ्हाइताला विकायची.

कल्पनेचं मूळ शोधत गेलं तर आपण 1988 सालच्या न्यूझीलंडमध्ये पोचतो. रॉनी होरेश नावाच्या अर्थतज्ज्ञानं तिथे कृषी अर्थशास्त्रज्ञांपुढे एक विचार मांडला होता. सरकारनं रोखे काढावेत आणि ते वटावेत ते विशिष्ट सामाजिक उद्दिष्ट साध्य झालं तरच. बेकारी अमुक पातळीखाली आली, तर रोखे बाळगणाऱ्याला पैसे. ती कशी खाली आणायची, हे सरकारनं सांगायचं नाही. हे रोखे बाजारात हातोहात विकले जावेत, म्हणजे ज्याला उद्दिष्ट गाठता येईल असं वाटतं त्याच्याकडे ते आपोआप जातील, असा त्याचा तर्क होता. कल्पना वीस वर्षं जवळपास कागदावरच पडून राहिली.

2007 मध्ये लंडनमध्ये सोशल फायनान्स ही संस्था निघाली. तिच्या संस्थापकांत सर रोनाल्ड कोहेन होते. हे गृहस्थ इजिप्तमध्ये जन्मले. सुएझच्या संकटानंतर, अकरा वर्षांचे असताना, कुटुंबाबरोबर देश सोडून इंग्लंडला आले आणि पुढे त्यांनी अॅपॅक्स ही गुंतवणूक कंपनी उभी केली. नव्या उद्योगांत जोखमीचं भांडवल घालणं हा त्यांचा जन्मभराचा धंदा. तोच हिशेब समाजकार्याला लावून पाहायचं सोशल फायनान्सनं ठरवलं आणि प्रयोगासाठी निवड झाली पीटरबरोच्या तुरुंगाची. सप्टेंबर 2010 मध्ये जगातला पहिला सोशल इम्पॅक्ट बाँड सुरू झाला.

करार असा होता. सतरा गुंतवणूकदारांनी मिळून 50 लाख पौंड उभे केले. त्या पैशातून सुटणाऱ्या पुरुष कैद्यांसाठी ‘वन सर्व्हिस’ नावाची मदतसेवा चालवायची. एक एक हजार कैद्यांचे तीन गट धरायचे. एखाद्या गटात पुन्हा दोषी ठरण्याच्या घटना 10 टक्क्यांनी घटल्या, किंवा सगळे गट मिळून किमान साडेसात टक्के घट दिसली, तर न्यायखातं आणि बिग लॉटरी फंड गुंतवणूकदारांना मुद्दल आणि वर परतावा देणार. घट जेवढी जास्त तेवढा परतावा जास्त, पण कमाल मर्यादा वर्षाला 13 टक्क्यांची. घट साडेसात टक्क्यांच्या खाली राहिली, तर एक पैसाही नाही. पन्नास लाख बुडाले म्हणायचे. (लोकांनी नशीब काढण्यासाठी घेतलेल्या लॉटरीच्या तिकिटांतला वाटा इथे चोराला सुधारण्याच्या पैजेवर लागला, ही मौज लक्षात घ्या.)

इथवर हा आर्थिक चातुर्याचा मामला झाला. मला खरी भूल पडली ती पुढच्या भागाची. न घडलेली गोष्ट मोजायची कशी? एखादा माणूस वर्षभर सरळ राहिला, तर तो मदतीमुळे राहिला, की वय झालं म्हणून, की लग्न झालं म्हणून, की त्या वर्षी पोलिसांनी धरपकडच कमी केली म्हणून? या प्रश्नाच्या उत्तरावर लाखो पौंड अवलंबून असतील, तर ते उत्तर हवेतलं चालत नाही.

खताचा गुण पाहायचा तर एक वाफा बिनखताचा ठेवावा लागतो, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पीटरबरोत तेच केलं. तिथल्या प्रत्येक कैद्यासाठी देशातल्या इतर तुरुंगांमधून त्याच्यासारखे दहापर्यंत कैदी पोलिसांच्या राष्ट्रीय नोंदींमधून शोधले गेले. त्याच वयाचे, तसेच गुन्हे केलेले, तितक्याच वेळा आत जाऊन आलेले. या सावल्यांना आपण सावल्या आहोत याचा पत्ताही नव्हता. त्यांना वन सर्व्हिस नव्हती, होते ते फक्त 46 पौंड. दोन्हीकडची वर्षभराची कुंडली मांडायची आणि फरक काढायचा. वर्ष संपलं तरी लगेच नाही, कारण गुन्हा आणि निकाल यांत महिने जातात. म्हणून कोर्टात निकाल लागण्यासाठी आणखी सहा महिने थांबायचं.

या मोजमापात दोन अटी अशा होत्या, की त्या सुचवणाऱ्याच्या डोक्याला सलाम करावा. पहिली म्हणजे वन सर्व्हिसची मदत घेणं ऐच्छिक होतं, पण हिशेबात मात्र सुटलेला प्रत्येक पात्र कैदी धरला जाणार होता, मग त्यानं मदत घेतलेली असो वा नसो. नाही तर संस्थांनी सुधारायला सोपी माणसं उचलली असती आणि अट्टल गुन्हेगार फाटकाबाहेर तसेच सोडले असते. दुसरी अट याहून बारीक. किती माणसं पुन्हा गुन्ह्यात सापडली हे मोजायचंच नाही, किती वेळा सापडली ते मोजायचं. डोकी मोजली असती तर एकदा घसरलेला माणूस हिशेबापुरता मेलाच. मग त्याच्यावर कोण कशाला वेळ घालवील? वेळा मोजल्या की वर्षाला सहा चोऱ्या करणारा दोनवर आला, तरी ती कमाई ठरते आणि त्याच्यापाठी लागून राहण्यात अर्थ उरतो. सरकारी योजनेच्या नियमात इतकी माणुसकी मी क्वचितच पाहिली आहे, आणि ती आली होती हिशेबनिसाच्या वाटेनं.

प्रत्यक्ष काम मात्र अगदी साधं होतं. सेंट जाइल्स ट्रस्ट, ऑर्मिस्टन, वायएमसीए यांसारख्या संस्थांची माणसं कैद्याला तुरुंगात असतानाच भेटत, सुटायच्या दिवशी फाटकावर उभी राहत, घरभाड्याचे आणि भत्त्याचे अर्ज भरून घेत, डॉक्टरकडे नेत. मदत करणाऱ्यांत स्वतः तुरुंग पाहून आलेलेही होते. सरकारी अनुदान असतं तर किती समुपदेशन सत्रं घेतली, किती पत्रकं वाटली, याचा तक्ता दरमहा भरावा लागला असता. इथे कशावर खर्च करायचा हे कुणी बांधून दिलेलं नव्हतं. बऱ्याच जणांच्या मानसिक आरोग्याचा प्रश्न अंदाजापेक्षा मोठा आहे असं काम करताना दिसलं, तेव्हा त्या क्षेत्रातली ‘माइंड’ ही संस्था सोबत घेतली गेली. नव्या मंजुरीची फाइल फिरवावी लागली नाही.

पहिल्या हजारांचा निकाल ऑगस्ट 2014 मध्ये लागला. घट 8.4 टक्के. दहाची वेस हुकली, म्हणून त्या वेळी कुणालाही काही मिळालं नाही. दुसऱ्या गटाचा निकाल जुलै 2017 मध्ये आला आणि दोन्ही गटांची मिळून घट 9 टक्के भरली. साडेसातच्या वर. सतराही गुंतवणूकदारांना मुद्दल आणि वर्षाला तीन टक्क्यांहून किंचित जास्त परतावा मिळाला. सात वर्षं थांबून तीन टक्के! मुदत ठेवीवर जगणारा आपल्याकडचा पेन्शनर यावर हसेल. पण हे गुंतवणूकदार बहुतेक धर्मादाय विश्वस्त निधी होते. एरवी हे पैसे ते दान म्हणून देत आणि विसरून जात. इथे दान परत आलं, पुन्हा दुसरीकडे देता येईल असं.

तिसरा हजारांचा गट मात्र कधी मोजलाच गेला नाही. क्रिस ग्रेलिंग न्यायमंत्री असताना सरकारनं प्रोबेशनची आख्खी यंत्रणाच बदलायला घेतली. 2014 च्या कायद्यानं लहान शिक्षा भोगलेल्या सगळ्यांनाच सुटकेनंतर बारा महिने देखरेख लागू केली. पीटरबरोत जे धडपडून सिद्ध करायचं चाललं होतं, ते सिद्ध व्हायच्या आतच देशभर लागू झालं. लहान शिक्षेवाल्यांना वाऱ्यावर सोडू नये, हे सरकारनं मान्य केलं होतं. पण आता बिनखताचा वाफाच उरला नाही, मग तुलना कशाशी करणार? बाँड गुंडाळला गेला. मोठ्या प्रमाणावर खासगी कंपन्यांना दिलेली ती देशव्यापी योजना पुढे इतकी बिघडली, की 2021 मध्ये प्रोबेशन पुन्हा पूर्णपणे सरकारी ताब्यात घ्यावं लागलं. छोट्या प्रयोगातली बारीक वीण मोठ्या कापडात टिकली नाही.

दरम्यान ही कल्पना अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला गेली आणि तिथे वेगळंच घडलं. रायकर्स बेटावरच्या तुरुंगातल्या 16 ते 18 वयाच्या मुलांसाठी 2012 मध्ये वर्तनसुधारणेचा कार्यक्रम निघाला. पैसे लावले गोल्डमन सॅक्सनं, 96 लाख डॉलरपर्यंत कर्जरूपानं. त्यातल्या 72 लाखांची हमी तेव्हाचे महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांच्याच धर्मादाय संस्थेनं घेतली. 2015 मध्ये व्हेरा इन्स्टिट्यूटनं मोजणी केली आणि सांगितलं, की फरक शून्य. कार्यक्रम बंद पडला, बँकेचे सुमारे 12 लाख डॉलर बुडाले, ब्लूमबर्गच्या संस्थेनं 60 लाखांच्या आसपास भरले. शहराच्या तिजोरीतून एक सेंटही गेला नाही.

याला अपयश म्हणावं का? मला तरी नाही म्हणवत. सरकारी पैशांवर चालणाऱ्या किती योजना फरक शून्य असूनही वर्षानुवर्षं चालू राहतात, कारण कुणी मोजतच नाही. इथे वॉल स्ट्रीटवरच्या बँकेनं स्वतःच्या खिशातून पैसे घालून न्यूयॉर्कला कळवलं, की ही पद्धत चालत नाही. ज्ञान इतक्या स्वस्तात नगरपालिकांना सहसा मिळत नाही.

उलट उदाहरण अमेरिकेतल्याच युटा राज्याचं. तिथे गरीब मुलांच्या बालवाडीत याच बँकेनं पैसे लावले. विशेष शिक्षणाची गरज पडेल अशी भीती असलेल्या 110 मुलांपैकी फक्त एकालाच ती पडली, असं 2015 मध्ये जाहीर झालं आणि परतावा दिला गेला. मग न्यूयॉर्क टाइम्सनं तज्ज्ञांना विचारलं. धोक्यातली मुलं निवडण्यासाठी वापरलेली चाचणी या कामाची नव्हतीच, असं त्यांचं म्हणणं पडलं. आणि तुलनेचा गट कुठे आहे? तो नव्हता. त्या मुलांपैकी बऱ्याच जणांना बालवाडी नसती तरी विशेष वर्गाची गरज पडली नसती, ही शक्यता मग कोण खोडून काढणार? पीटरबरोत पैशाला शिस्त लावली ती सावल्यांनी. सावल्या काढून टाकल्या, की हीच व्यवस्था हवं ते दाखवायला तयार होते.

आता आपल्याकडे येऊ. राजस्थानातल्या भिलवाडा जिल्ह्यात 2015 ते 2018 या काळात मुलींच्या शिक्षणासाठी असाच करार झाला. काम करणारी संस्था ‘एज्युकेट गर्ल्स’, हीच पुढे 2025 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळवणारी पहिली भारतीय संस्था ठरली. पैसे आगाऊ घातले यूबीएस ऑप्टिमस फाउंडेशननं, सुमारे 2 लाख 70 हजार डॉलर. निकालाचे पैसे देणार होती लंडनची सीआयएफएफ ही धर्मादाय संस्था. म्हणजे इथे सरकार देणेकरी नव्हतं, तरी शाळा सरकारीच होत्या. मोजणी आयडीइनसाइटची. मोजायच्या गोष्टी दोन होत्या. शाळाबाह्य मुली पटावर येणं आणि तिसरी ते पाचवीच्या मुलांना खरोखर वाचता-मोजता येणं. जास्त वजन दुसरीला. फूटपट्टी ‘असर’ची, प्रथम या मूळच्या मुंबईच्या संस्थेनं रुळवलेली. अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट अशी एकेक पायरी.

दोन वर्षं झाली तेव्हा शिकण्याचं काम तीन वर्षांच्या उद्दिष्टाच्या निम्म्याच्या थोडं पुढे होतं. या आकड्यानं संस्थेची झोप उडवली. ‘टीम बालिका’ म्हणवणारे गावातले स्वयंसेवक गैरहजर मुलांच्या घरी जाऊन शिकवू लागले, मुलांचे गट इयत्तेऐवजी कुणाला किती वाचता-मोजता येतं यावरून पडले, तासिका वाढल्या. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी 5,592 पायऱ्यांच्या उद्दिष्टाऐवजी मुलं तुलनेच्या गावांपेक्षा 8,940 पायऱ्या जास्त चढली होती. घरोघर फिरून तयार केलेल्या यादीतल्या 837 शाळाबाह्य मुलींपैकी 768 पटावर आल्या. गुंतवणूकदाराला वर्षाला 15 टक्के परतावा मिळाला.

या पंधरा टक्क्यांवर काहींच्या भुवया उंचावतात आणि ते रास्त आहे. गरीब मुलीच्या वाचनावर नफा? मला खटकतं ते जरा वेगळं. असा एक करार उभारायला वकील, मध्यस्थ, मोजणीवाले, सल्लागार यांची फौज लागते. थोड्या गावांसाठी एवढा लवाजमा परवडतो का, हा प्रश्न आहे. आणि सरकारची बचत? हजार माणसांमागे नऊ टक्के गुन्हे कमी झाल्यानं तुरुंगाची एखादी बराक बंद होत नाही, पहारेकऱ्याचा पगार तेवढाच राहतो. शिवाय जे मोजता येतं तेच विकत घेता येतं. एकटेपणानं खंगलेल्या म्हातारीशी तासभर बोलण्याची पायरी कोणत्या फूटपट्टीवर धरायची? जगभरात तिसाहून अधिक देशांत दोनशेहून जास्त असे बाँड निघाले असले, तरी सरकारांच्या एकूण खर्चापुढे ते चिमूटभरच आहेत, त्याचं कारण या अडचणींत आहे.

ब्रिटननं पैशाची सोय मात्र आणखी अचाट केली. पंधरा वर्षं ज्यांना कुणी हात लावला नाही अशा बँक खात्यांतले पैसे समाजकार्याला वापरता यावेत, असा कायदा तिथे 2008 मध्ये झाला. त्यातून आलेले 40 कोटी पौंड आणि चार मोठ्या बँकांचे 20 कोटी यांवर 2012 मध्ये समाजकार्यात पैसा गुंतवणारी ‘बिग सोसायटी कॅपिटल’ ही संस्था उभी राहिली. विसरलेली खाती, आणि त्यांच्यावर बेघरांची घरं! खातेदार उद्या उगवलाच, तर त्याचा पैसा त्याला मिळतो, ही हमी वेगळी.

महाराष्ट्रात पहिलं पाऊल पडलं ते पिंपरी-चिंचवडमध्ये. डिसेंबर 2020 मध्ये तिथल्या महापालिकेनं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाशी सामंजस्य करार केला. पालिकेच्या रुग्णालयांची गुणवत्ता सुधारायची, पैसे आधी गुंतवणूकदारांनी घालायचे आणि ठरलेली उद्दिष्टं गाठली तरच पालिकेनं ते परत करायचे. कसोटी एनएबीएच या रुग्णालयांसाठीच्या मानांकनाची. नगरसेवकानं फीत कापल्यावर नाही, रुग्णालय कसोटीला उतरल्यावर बिल निघणार, हे आपल्या पालिकांच्या रिवाजाच्या अगदी उलटं आहे.

आणि मुंबईच्या शेअर बाजारांत तर याच्याही पलीकडची वस्तू आता मिळते. 2019 च्या अर्थसंकल्पात सोशल स्टॉक एक्स्चेंजची घोषणा झाली, सेबीनं नियम केले, आणि डिसेंबर 2023 मध्ये एनएसईवर पहिल्या संस्थेचे रोखे सूचीबद्ध झाले. तिथे सामाजिक संस्था एक रोखा विकते, ज्यावर व्याज शून्य आणि मुद्दलही शून्य. पीटरबरोच्या गुंतवणूकदाराला निदान मुद्दल परत येण्याची आशा होती. इथे पैसे जाणार हे छापील कागदावर कबूल करूनच माणूस रोखा घेतो. बदल्यात त्याला मिळतो संस्थेचा प्रभाव अहवाल, दर वर्षी, काय बदललं याची मोजदाद असलेला.